मोजपट्टी

आयर्विन पुलाच्या खांबावर फूट रंगवलेत.
पावसाळ्यात दर तासाला मी ते वाचते,
फोनवर सांगते: एकोणतीस, पाच इंच. उतरतंय.
उन्हाळ्यात पट्टीचा पाय उघडा पडतो
आणि माझ्याकडे आवक-जावक रजिस्टर येतं.
मोजल्यानं पाणी उतरत नाही,
एवढं बारा वर्षांत कळलंय.

तरी मंगळवारी आणि शुक्रवारी साडेपाचला
विश्रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानावरचा जिना
मी नेमूला घेऊन चढते.
नेमिनाथ मगदूम, वय नऊ, चौथी ब.
वहीत लाल शेरा: लक्ष नाही.
शेजारच्या वर्गात कुणाची पेन्सिल पडली
ते याला कळतं.
फळ्यावरचा भागाकार मात्र
याच्यापर्यंत पोचेस्तोवर पुसलेला असतो.

पहिल्या दिवशी याचे बाबाही आले होते,
बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधून, रात्रपाळी करून, तसेच.
त्यांनी दोनच प्रश्न विचारले.
किती?
मुजावर मॅडम म्हणाल्या, बैठकीला सहाशे. बैठका चाळीस.
गॅरंटी?
नाही, म्हणाल्या.
काही मुलांना फरक पडतो, काहींना नाही.
अभ्यास करणाऱ्यांचंही अजून एकमत नाही.
आणि डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करायची नाही.
हे जिना उतरताना म्हणाले, बाई धंद्याला कच्ची आहे.
मला ती तिथंच पटली.
मलाही लोक विचारतात, उद्या घरात शिरेल का हो?
मी आजचे फूट सांगते.
उद्याचं कोयनेला विचारा.
सोसायटीतून कर्ज काढलं.

पांढरी पेस्ट, डोक्यावर तीन जागी,
कानाच्या पाळीला चिमटा.
पडद्यावर एक होडी.
आतलं शांत झालं की होडी निघते,
भरकटलं की थांबते.
बास. एवढंच.
पहिले चार दिवस नेमू दात ओठात रोवून बसला,
मुठी आवळल्या, कपाळावर घाम,
होडी जागची हलली नाही.
जितका जोर, तितकी घट्ट.
मॅडम हळूच म्हणाल्या, ढकलू नकोस रे, बघ नुसती.
कितव्या दिवशी निघाली ते मला सांगता येणार नाही,
मी तेव्हा फोनवर होते, साहेबांचा होता.
वळून पाहिलं तर तो तोंड उघडं ठेवून बसलेला
आणि होडी निम्म्या पडद्यावर.

मग एकदा पुढचं मूल आलंच नाही, खुर्ची मोकळी होती.
नेमू म्हणाला, आईला बसवा.
नको नको म्हणत बसले.
पेस्ट गार लागली.
माझ्यासारखी बाई, मला वाटलं, शांतच की,
आवाज चढवत नाही, कामात चूक नाही.
होडी हलेना.
रात्रीचं पीठ मळायचंय, हप्ता सात तारखेला,
सासूबाईंचा एक्स-रे, याचं पुढं कसं होणार,
याचं पुढं कसं,
पडद्यावर माझी रेघ काट्याकुट्यांची.
पाठीमागून भडंगाच्या पुडीचा आवाज,
आणि भरल्या तोंडानं नेमू:
आई, ढकलू नको ना.

मला हसू आलं.
होडी थोडीशी, बोटभर, सरकली.
त्या दिवसापासून सकाळी दप्तर भरताना
मी त्याला दोनदाच हाक मारते.
कधी तीनदा.

आज सतरावी बैठक झाली.
पेस्ट केसांत वाळते, शांपूनं निघत नाही,
कोमट पाण्याचे चार तांबे लागतात,
आणि तो तांब्यागणिक ओरडतो, शेजारी ऐकतात.
मग ओल्या डोक्यानं वही आणून देतो.
लाल शेरा: अर्धा धडा पूर्ण केला.
खाली लिहिलंय, पालकांची सही.

होडीनं झालं, की गोळीनं,
की बाईंनी त्याचा बाक खिडकीपासून हलवला म्हणून,
की मीच गेले महिनाभर कमी ढकलतेय.
माझ्या रजिस्टरला कारणाचा रकाना नाही.
तारीख, वेळ, फूट, इंच.
वहीच्या पानावर त्याच्या केसांतलं पाणी ठिबकतंय.
थेंब चुकवून
मी सही करते.